सिगारेट सुटली, आता पुढचं

कराड

चि. रोहन यास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू इंग्लंडहून आईला फोनवर सांगितलंस की सिगारेट बंद केली आणि आता फक्त व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, घेतोस. तेव्हापासून तिने धसका घेतलाय. तिच्या भिशीच्या ग्रुपवर कुणीतरी व्हेप ओढणाऱ्या अमेरिकन मुलाचा व्हिडिओ टाकलाय, नाकात नळ्या, छातीचे फोटो वगैरे. ‘हे सिगारेटपेक्षा वाईट तर नाही ना?’ असं ती मला दिवसातून दोनदा विचारते. तिला जे सांगितलं तेच तुला जरा सविस्तर लिहितोय. फोनवर असलं बोलणं होत नाही, तू ‘हो बाबा’ म्हणून मोकळा होतोस.

सिगारेट सोडलीस याचा मला फार आनंद झाला. इतकी वर्षं मेडिकल चालवतोय, तंबाखू सोडायला निघालेली माणसं रोज बघतो आणि त्यातली किती टिकतात तेही बघतो. त्यामुळे तू काय साधलंयस याची मला चांगली कल्पना आहे.

सिगारेटमध्ये माणसाला मारतो तो धूर. तंबाखू जळली की त्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं तयार होतात, त्यातली ७० तरी कॅन्सर करणारी आहेत. वर टार आणि कार्बन मोनॉक्साइड. निकोटिन व्यसन लावतं, नाडी आणि रक्तदाब वाढवतं, पण फुफ्फुसं पोखरण्याचं मुख्य काम धुराचं. तुझ्या आजोबांना तू शेवटी शेवटी पाहिलंस. रात्री पलंगाच्या कडेला बसून, कोपरं गुडघ्यांवर टेकवून, ओठांचा चंबू करून ते एकेक श्वास बाहेर सोडायचे. आडवं झालं की गुदमरायचे. ती चाळीस वर्षांच्या विडीची करणी होती. व्हेपमध्ये काही जळत नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वास-चवीची रसायनं आणि निकोटिन, एवढं द्रव तापून त्याची वाफ होते. टार नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. म्हणून रोज सिगारेट ओढणाऱ्याने पूर्णपणे व्हेपवर जाणं हे निश्चितच कमी नुकसानीचं, असं तुमच्या इंग्लंडचं सरकारी आरोग्यखातं सांगतं आणि मला ते पटतं. २०१५ साली त्यांनी ‘९५ टक्के कमी हानिकारक’ असा आकडा दिला होता. तो तज्ज्ञांच्या अंदाजावर बेतलेला होता आणि त्यावर बरीच टीकाही झाली, तेव्हा तो आकडा तू डोक्यात धरू नकोस. ही वाफ तीस-चाळीस वर्षं छातीत घेतलेली माणसं अजून जगात नाहीत, त्यामुळे पुढचं कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही त्याने याच्या वाटेला जाऊच नये.

हे यंत्र आज ज्या रूपात आहे ते २००३ साली होन लिक नावाच्या एका चिनी फार्मासिस्टने बनवलं. तो स्वतः भरपूर सिगारेट ओढायचा आणि त्याचे वडील फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेले. आपल्याच व्यवसायातला माणूस, म्हणून मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटते. सिगारेट ओढणाऱ्याला सिगारेटमधून बाहेर काढायचं यासाठी त्याने ते केलं. पुढे त्यात आंबा-स्ट्रॉबेरीच्या चवी घालून शाळेतल्या पोरांच्या हातात दिलं गेलं, हा वेगळा आणि संतापजनक प्रकार.

आईच्या व्हिडिओचं सांगतो. २०१९ साली अमेरिकेत अचानक तरुण मुलं श्वास कोंडून दवाखान्यात यायला लागली. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत २,८०७ जण भरती झाले आणि ६८ जण गेले. तपासात बहुतेकांनी गांजाचा अर्क असलेली काळ्याबाजारातली कार्ट्रिजेस ओढल्याचं निघालं. तो अर्क दाट दिसावा म्हणून त्यात व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलं होतं. पोटात घेतलं तर निरुपद्रवी, फुफ्फुसात गेलं तर घातक. तेव्हा मित्राने दिलेलं, ऑनलाइन कुठून तरी मागवलेलं, लेबल नसलेलं काहीही ओढायचं नाही. तुमच्याकडे नोंदणी झालेली, मिलीलिटरला २० मिलिग्रॅम निकोटिनच्या मर्यादेतली लिक्विड्स दुकानात मिळतात, तीच घ्यायची.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. ‘फक्त व्हेप’ म्हणालास, आणि लगेच ‘शनिवारी पबमध्ये एखादी होते’ असंही म्हणालास. आईच्या ते लक्षात आलं नाही, माझ्या आलं. ती एखादी बंद कर. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मोठा आढावा आला होता. दिवसाला वीस सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जितका जादा धोका असतो, त्याच्या निम्म्याच्या आसपास धोका दिवसाला एक ओढणाऱ्यालाही असतो. वीसावरून एकवर आलं की धोका विसावा हिस्सा होईल असं माणसाला वाटतं, पण हृदय तसा हिशेब करत नाही. तुझी आठवड्याला एक असेल, मान्य, पण ज्याने दोन्ही चालू ठेवलं तो बहुतेक वेळा सिगारेटकडेच परत जातो, हे मी काउंटरवर निकोटिनची गम (चघळायची गोळी) घेणाऱ्यांच्या बाबतीतही पाहिलंय. ‘कमी केलीय’ म्हणणारा सहा महिन्यांनी पूर्वीइतकीच ओढताना दिसतो.

आणखी एक. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तू दर दोन-तीन मिनिटांनी मान वळवून कॅमेऱ्याबाहेर जात होतास. सिगारेट संपते, ती विझवावी लागते, थंडीत बाहेर जावं लागतं. व्हेपला शेवटच नाही. उशाशी ठेवलं की रात्री जाग आली तरी ओढतात. तुमच्याकडेच २०१९ साली एक मोठी चाचणी झाली होती, सिगारेट सोडवणाऱ्या केंद्रांतल्या ८८६ जणांवर. एका वर्षानंतर व्हेप घेणाऱ्यांपैकी १८ टक्के लोकांची सिगारेट सुटली होती, निकोटिनची गम किंवा कातडीवर चिकटवायचा पॅच असलं काही घेणाऱ्यांपैकी ९.९ टक्के लोकांची. म्हणजे व्हेपने जवळपास दुप्पट लोकांना मदत झाली, हे खरंच मोठं आहे. पण ज्यांची सुटली त्यांच्यात व्हेपवाल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढतच होते, आणि गम-पॅचवाल्यांपैकी फक्त ९ टक्के लोक गम-पॅचवर होते. हे दोन्ही आकडे एकत्र वाच. सिगारेट सोडवायला ते चांगलं आहे, स्वतः सुटायला अवघड आहे.

म्हणून घाई न करता उतर. सिगारेटची तलफ पूर्ण जाईपर्यंत निकोटिन कमी करू नकोस, नाहीतर पाय मागे घसरेल. ती गेली की २० वरून १०, मग ६, मग ३. एकदम खाली आलास तर माणूस जास्त जोरात आणि जास्त वेळा ओढतो आणि फायदा शून्य. एकदा वापरून फेकायची डिस्पोजेबल तिथे २०२५ च्या जूनपासून बंदच झालीत असं तूच सांगितलंस, बरं झालं. भरता येणारं वापरलंस तर असं पायरीपायरीने उतरता येतं. झोपायच्या खोलीत ते न्यायचं नाही, एवढा एक नियम आजपासून कर.

झोप येत नाही, छातीत धडधडतं म्हणालास. कॉफी किती पितोस? सिगारेटच्या धुरातली काही रसायनं यकृताला डिवचतात आणि कॅफिनचा निचरा भराभर होतो. धूर थांबला की यकृत मूळ गतीवर येतं. मग तीच चार मग कॉफी अंगात दुप्पट राहते. याचा निकोटिनशी संबंध नाही, म्हणून व्हेपवर गेलेल्यालाही हेच होतं. बरेच लोक या अस्वस्थतेला सिगारेटची तलफ समजून परत एक पेटवतात. कॉफी निम्मी कर, दुपारनंतर घेऊच नकोस. आठवड्याभरात फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखव.

दिवाळीला येतोयस. व्हेप बरोबर आणू नकोस. एकही नाही, रिफिलची बाटलीसुद्धा नाही. आपल्याकडे १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. बनवणं, आयात, विक्री, जाहिरात, साठवणूक सगळ्यावर बंदी आहे. आयात करताना पहिल्यांदा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मुंबई विमानतळावर त्यासाठी अडकायचं कारण नाही. पुण्या-मुंबईत ‘मिळतं सगळं’ असं तुझे मित्र सांगतील. मिळतं, पण त्यात काय भरलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, अमेरिकेतल्या मुलांचं वर लिहिलंच आहे.

कायद्याबद्दल माझं मत विचारशील तर पोरांच्या हाती हे जाऊ नये हा हेतू योग्यच आहे. पण व्हेप बंद आणि विडी-सिगारेट कोपऱ्याकोपऱ्यावर, यात ज्याला सोडायचंय त्याची कुचंबणा होते. सुट्टी सिगारेट विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे, तरी आपल्या दुकानासमोरच्या टपरीवर लायटर दोरीला बांधलेलाच असतो. माझी खरी काळजी तीच आहे. व्हेप जवळ नाही, फराळ झाल्यावर जुनी टोळी टपरीवर उभी, आणि कुणीतरी पाकीट पुढे करणार.

त्यावर उपाय आहे. निघायच्या आधीच तिथून निकोटिनचे पॅच आण आणि जोडीला गम इथे आपल्या दुकानातून घे. पॅच दिवसभराचं मूळ भागवतो, गम ऐन तलफेच्या वेळेला. दोन्ही मिळून एकट्यापेक्षा चांगलं काम करतात. पण गम नीट खायला शिक. मागे एक ट्रकचालक विडी सोडायला गम घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी येऊन स्ट्रिप काउंटरवर आपटली, ‘उचकी लागते, मळमळतं, काय विष दिलंय.’ तो बडीशेपेसारखं कचाकचा चावून गिळत होता. सगळं निकोटिन पोटात. त्याला समोर बसवून दाखवलं: तिखट लागून जीभ चुरचुरायला लागेपर्यंत हळू चावायचं, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून थांबायचं. चुरचुर गेली की परत दोन-चारदा चावायचं, जागा बदलायची. असं अर्धा तास. आणि चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं तरी थांबायचं, नाहीतर तोंडातून निकोटिन शोषलंच जात नाही. तो अजून येतो, विडीशिवाय.

सकाळी उठल्यावर पहिला झुरका किती वेळात लागतो ते मला खरं कळव. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर ४ मिलिग्रॅमची गम लागेल, नसेल तर २ ची पुरे. ४ ची डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मी स्वतःच्या मुलालाही देणार नाही, तेव्हा आधी कळलं तर चिठ्ठीची सोय करून ठेवतो. टपरीवर तुझ्याबरोबर हवं तर मीही येईन चहाला. तिकीट झालं की तारीख सांग, आणि आईला स्वतः फोन कर, मी सांगितलं की तिला पुरत नाही.

तुझा,
बाबा