चीन-जपानचे जुने कागद आणि तुझी मोडी

प्रिय नंदू,

तुझं पत्र मिळालं. मोडीच्या वर्गाला यंदा बऱ्यापैकी मुलं आली हे वाचून फार बरं वाटलं. तू विचारलंस की चीन-जपानच्या इतिहासाच्या वर्गात मी संगणक घेऊन नेमकं करतो काय, आणि त्या नादात मुलं मूळ ग्रंथ वाचायचं सोडून देत नाहीत का. प्रश्न रास्त आहे. फोनवर उरकण्यासारखं उत्तर नाही, म्हणून सविस्तर लिहितो. तुझ्याकडे माझं एक कामही आहे, ते शेवटी सांगतो.

आधी चीनमधल्या माणसांबद्दल. रॉबर्ट हार्टवेल नावाचे एक अमेरिकन इतिहासकार होते. सोंग काळातले (चीनमधल्या सोंग राजघराण्याचा काळ, साधारण 10वं ते 13वं शतक) अधिकारी, त्यांची घराणी, त्यांच्या सोयरिकी हा त्यांचा विषय. त्यांनी ही सगळी माहिती संगणकावर तक्त्यांत भरायला घेतली: कोण कुठला, कोणत्या साली राजपरीक्षा पास झाला, कुठे नेमणूक झाली, मुलगी कुणाच्या घरात दिली. 1996 साली ते वारले तेव्हा त्या तक्त्यांत 25,000हून जास्त माणसं होती. हा सगळा संग्रह त्यांनी हार्वर्ड-येनचिंग इन्स्टिट्यूटच्या नावे करून ठेवला होता. पुढे हार्वर्डचे इतिहासकार पीटर बोल यांच्या पुढाकाराने हार्वर्ड, तैवानची अकादेमिया सिनिका आणि पेकिंग विद्यापीठ यांनी मिळून तो वाढवला. आज चायना बायोग्राफिकल डेटाबेस म्हणजे सीबीडीबीमध्ये 5 लाखांहून जास्त माणसं आहेत, मुख्यतः 7व्या ते 19व्या शतकातली. आणि ती अख्खी फाईल कुणालाही फुकट उतरवून घेता येते. मला सर्वांत मोल वाटतं ते याचं. एका विद्वानाची जन्मभराची टिपणं त्याच्यामागे कपाटात पडून राहतात, हे आपण पुण्यात किती घरांत पाहिलंय! इथे ती दुसऱ्याला पुढे नेता येतील अशा रूपात होती, म्हणून वाढली.

वर्गात मी सू शीपासून सुरुवात करतो. सोंग काळातला हा मोठा कवी, 1037 ते 1101. मुलं सीबीडीबीतून त्याच्या नेमणुका काढतात आणि चायना हिस्टॉरिकल जीआयएसच्या नकाशावर ती गावं बसवतात. हा नकाशा हार्वर्ड आणि शांघायच्या फुदान विद्यापीठाने मिळून केलेला. त्या त्या काळी कोणतं गाव कोणत्या जिल्ह्यात होतं ते त्यात दिसतं. ठिपके जोडले की सू शीचं आयुष्य डोळ्यांसमोर येतं. 1057 साली राजधानी काईफेंगला परीक्षा पास, मग फंगश्यांग, हांगचौ, मीचौ, शूचौ, हूचौ. 1079 साली कवितांतून दरबाराची निंदा केली म्हणून खटला, आणि रवानगी ह्वांगचौला. उतारवयात थेट दक्षिणेला ह्वेचौ, आणि शेवटी समुद्र ओलांडून हायनान बेटावर. पडद्यावर ती रेघ दक्षिणेकडे उतरत जाताना पाहिली की मुलं गप्प होतात. शिक्षा म्हणून माणसाला किती लांब ढकलता येतं हे पुस्तकातल्या चार ओळींपेक्षा तिथे जास्त कळतं.

मग मी त्यांना ती रेघ तपासायला लावतो. दोन ठिपक्यांमधली सरळ रेघ संगणकाने काढलेली असते. सू शी बराचसा प्रवास नावेतून, नद्या आणि कालव्यांनी करत असे. मग तो वाटेत कुठे थांबला, कुणाला भेटला? त्यासाठी त्याच्या कविता आणि पत्रं काढावीच लागतात. याहून मोठा प्रश्न बायकांचा. या माहितीत बायका फार कमी, आणि आहेत त्या बहुतेक कुणाची तरी आई, बायको नाही तर मुलगी म्हणून. कारण माहिती आली ती परीक्षेच्या याद्यांतून, नेमणुकांच्या नोंदींतून आणि समाधिलेखांतून, आणि ही सगळी अधिकारी पुरुषांची दुनिया. मुलं जेव्हा सोयरिकींचं जाळं काढतात आणि त्यात मधल्या जागा रिकाम्या दिसतात, तेव्हा मी विचारतो, इथे कुणी नव्हतं, की कुणी लिहून ठेवलं नाही? नंदू, हा एक प्रश्न विचारायची सवय लागली तरी माझ्या मते सत्राचं चीज झालं.

मूळ ग्रंथ सुटतात का, या तुझ्या शंकेचं अर्धं उत्तर यात आलंच. उरलेल्या अर्ध्यासाठी जपानकडे वळतो. हा भाग खास तुझ्यासाठी आहे.

जपानमध्ये हजारभर वर्षं जी घसटी, जोडून लिहायची लिपी चालत होती तिला कुझुशिजी म्हणतात. एका ध्वनीला अनेक अक्षरं होती. 1900 साली शाळांसाठी हिरागानाचं, म्हणजे जपानी ध्वनी-अक्षरांचं, एका ध्वनीला एकच रूप ठरवलं गेलं, छपाईही बदलली, आणि बघता बघता आजोबांची पत्रं नातवाला वाचता येईनाशी झाली. ओळखीचं वाटतंय ना? शब्द तोडून लिहायची पद्धत नाही, एक अक्षर दुसऱ्यात मिसळतं, आणि लिहिणाऱ्याचा हात बदलला की वळण बदलतं. लाखो पुस्तकं आणि कागद आहेत, आणि सरावाने वाचणारी माणसं अगदी मोजकी.

तोक्योच्या सेंटर फॉर ओपन डेटा इन द ह्युमॅनिटीज या केंद्राने यावर जे केलं ते मी दर वर्षी शिकवतो. राष्ट्रीय जपानी साहित्य संशोधन संस्थेने जुनी पुस्तकं स्कॅन केली आणि जाणकारांनी एकेका अक्षराभोवती चौकट आखून ते कोणतं अक्षर हे लिहिलं. अशी 10 लाखांहून जास्त अक्षरं जमली आणि ती सगळी खुली ठेवली. 2018 साली त्यांनी आणखी एक काम केलं. त्यातली 10 अक्षरं घेऊन 70,000 बारक्या चित्रांचा एक संच केला, संगणकवाले आकडे ओळखण्याच्या सरावासाठी जो एक ठरलेला संच वापरतात अगदी त्याच मापाचा. त्यामुळे ज्यांना जपानी ओ की ठो येत नाही असे जगभरचे प्रोग्रामरही या अक्षरांवर काम करू लागले. या कामात पुढे होती तारिन क्लानुवात ही थायलंडची संशोधक, जिने तोक्योच्या वासेदा विद्यापीठात गेंजीच्या कथेवर, म्हणजे जपानच्या प्रसिद्ध जुन्या कादंबरीवर, डॉक्टरेट केली होती. 2021 साली त्या केंद्राने मिवो नावाचं फोनवरचं अ‍ॅप सगळ्यांना मोफत दिलं. जुन्या पानाचा फोटो काढायचा, की प्रत्येक अक्षराच्या जागी छापील अक्षर दिसतं.

वर्गात मी अ‍ॅप आधी देत नाही. आधी 1785 सालच्या एका पाककृतीच्या पुस्तकातलं पान देतो. मानपो र्‍योरी हिमित्सुबाको त्याचं नाव, आणि त्यात अंड्याच्या पदार्थांची भलीमोठी यादी आहे. एक कृती तर अशी, की उकडल्यावर अंड्याचा पिवळा भाग बाहेर आणि पांढरा आत यावा. मुलं अक्षरांचा तक्ता शेजारी ठेवून हाताने वाचतात. ‘तामागो’ म्हणजे अंडं हा शब्द पानावर पुन:पुन्हा येतो, म्हणून तो आधी सापडतो. मग त्याच्या आधारे आजूबाजूची अक्षरं सुटू लागतात. दोन ओळींना तास जातो. त्यानंतर फोन काढायला सांगतो. अ‍ॅप क्षणात सगळं पान वाचतं, आणि कुठे चुकतं ते मुलांना लगेच दिसतं, कारण तोवर त्यांनी त्या ओळींशी झटापट केलेली असते. उलट क्रमाने केलं तर ती अ‍ॅपवर डोळे मिटून विश्वास ठेवतात. हा क्रम मी कधी बदलणार नाही. याच पुस्तकातल्या कृती त्या केंद्राने आजच्या जपानीत आणून, मापं बसवून, घराघरांत वापरल्या जाणाऱ्या पाककृतींच्या संकेतस्थळावरही टाकल्या. अडीचशे वर्षांपूर्वीचं अंडं लोकांनी आपल्या स्वयंपाकघरात करून पाहावं म्हणून!

याहून माझा जीव जडलाय तो ‘मिन्ना दे होनकोकु’वर, म्हणजे सगळे मिळून लिप्यंतर. क्योतो विद्यापीठात जुन्या भूकंपांचा अभ्यास करणाऱ्या मंडळींनी 2017च्या जानेवारीत तो सुरू केला. जुने भूकंप केव्हा, कुठे, किती जोराचे झाले हे शोधायचं तर 1855च्या एदोच्या (म्हणजे आजच्या तोक्योच्या) भूकंपासारख्या घटनांवर त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवलेले कागद वाचायला हवेत. पण ते कुझुशिजीत, आणि भूकंपशास्त्रज्ञांना ती येत नाही. म्हणून पानं सगळ्यांसमोर ठेवली. कुणीही यावं, जमेल ती ओळ लिहावी, अडलं तिथे चौकोन ठेवून पुढे जावं. अनुभवी वाचक येऊन ते दुरुस्त करतो आणि का दुरुस्त केलं तेही सांगतो. नवशिका शिकतो, कागद वाचून होतो आणि शास्त्रज्ञाला त्याची माहिती मिळते. शिकवणं, संशोधन आणि वाटणं या तिन्हींना तिथे वेगळं काढताच येत नाही. आम्ही विद्यापीठांतली माणसं आधी संशोधन करतो, मग ते छापतो, मग जमलं तर शिकवतो, आणि सामग्री दुसऱ्याला देणं तर विसरूनच जातो. मला हा क्रमच चुकीचा वाटतो.

कोरियाचं थोडक्यात सांगतो. जोसन राजांच्या दरबारी बखरी, 1392 ते 1863 पर्यंतच्या, 1995 मध्ये सीडीवर आल्या आणि पुढे इंटरनेटवर मोफत झाल्या, मूळ अभिजात चिनी आणि कोरियन भाषांतर दोन्ही. त्यानंतर त्या शास्त्रज्ञांनी उल्का आणि दुष्काळासाठी वाचल्या, सामान्य वाचकांनी आवडीने वाचल्या. दार उघडं ठेवलं की कोण आत येईल हे आधी सांगता येत नाही.

बौद्ध ग्रंथांचं तर आपल्याशीच नातं आहे. तैवानच्या सीबीईटीए या संस्थेने 1998 पासून आणि तोक्यो विद्यापीठाच्या सॅट या प्रकल्पाने तैशो त्रिपिटकाचा, म्हणजे जपानमध्ये छापलेल्या चिनी बौद्ध ग्रंथांच्या मोठ्या संग्रहाचा, मजकूर शोधता येईल असा करून सगळ्यांना दिला. 51व्या खंडात, 2087 क्रमांकाखाली ह्युएन त्संगचा प्रवासवृत्तान्त आहे, आणि त्याच्या अकराव्या भागात महाराष्ट्र. लोक ताठ आणि उपकाराला जागणारे, अपमान झाला तर सूड घेणारे, लढाईआधी हत्तींना मद्य पाजणारे, आणि राजा पुलकेशी हर्षापुढे न नमलेला. माझी मुलं ते थेट मूळ चिनीत शोधून वाचतात. तेव्हा मी त्यांना पालीचे अभ्यासक पु. वि. बापट यांच्याबद्दल सांगतो. पालीतल्या विनयटीकेशी, म्हणजे भिक्षूंच्या नियमांवरच्या टीकेशी, जुळणारा एक चिनी ग्रंथ त्यांनी जपानी अभ्यासक आकिरा हिराकावांबरोबर इंग्रजीत आणला आणि तो 1970 साली भांडारकर संस्थेने छापला. दोन भाषांतल्या ओळींशी ओळी ताडून पाहायचं ते सगळं काम हाताने. आज मुलं एक शब्द टाकतात आणि अख्ख्या त्रिपिटकातली त्याची ठिकाणं समोर येतात. बापटांसारखा डोळा मात्र वाचूनच येतो, हेही त्यांना तेव्हाच कळतं.

अडचणीही सांगतो, नाही तर तुला वाटेल इकडे सगळं आलबेल आहे. चिनी ग्रंथांचे कितीतरी मोठे संग्रह पैसे भरणाऱ्या ग्रंथालयांपुरतेच उघडे आहेत. लहान विद्यापीठातला, आपल्याकडचा मुलगा बाहेरच राहतो. अनुदान संपलं की संकेतस्थळ बंद पडतं. आणि तरुण संशोधकाने दोन वर्षं खपून केलेला स्वच्छ तक्ता बढतीच्या वेळी लेखाइतका धरला जात नाही. एका निवड समितीत मी यावर बराच भांडलो. निदान माझ्या वर्गात प्रत्येक गटाने शेवटी निबंधाबरोबर आपली माहिती, ती कशी जमवली आणि कुठे शंका आहे याच्या टिपणासह खुली करायची असा नियम ठेवलाय. त्या टिपणाला मी निबंधाइतकेच गुण देतो.

आता तुझ्याकडचं काम. तुझ्या वर्गात मुलं मोडी कागदांचं देवनागरी लिप्यंतर करतात, तू लाल पेनने ते दुरुस्त करतोस, आणि परीक्षा झाली की ते गठ्ठे रद्दीत जातात. नंदू, यंत्राला मोडी शिकवायला नेमकं हेच लागतं: पानाचा स्वच्छ फोटो आणि त्यासमोर ओळीला ओळ, जाणकाराने तपासलेलं वाचन. मोडीला 2014 पासून युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जगभरच्या अक्षरसंचात, जागा आहे, म्हणजे लिपी टंकायचीही सोय झाली. पेशवे दफ्तराचे रुमाल वाचायला तुझ्यासारखी माणसं कधीच पुरणार नाहीत. पण तुझ्या दुरुस्त्या जपल्या, तर पुढच्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

म्हणून यंदाचं एकही पान टाकू नकोस. कुणाचे खाजगी कागद असतील तर मालकाची परवानगी लेखी घे. फोटो वरून, सपाट, सावली न पडता काढायला सांग. पानाला क्रमांक दे आणि तोच क्रमांक लिप्यंतरावर टाक. न लागलेल्या अक्षराच्या जागी चौकोन ठेव, अंदाजाने भरू नकोस. लाल शाईच्या दुरुस्त्या तशाच राहू देत, मुलं कुठे चुकतात हेही आपल्याला हवंय. मे महिन्यात मी पुण्यात येतोय, तेव्हा तुझ्या मुलांबरोबर बसून पहिला संच तयार करू. लॅपटॉप आणि स्कॅनर मी आणतो. वर्गात कोण उत्साही आहेत तेवढं आधी कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तर लवकर पाठव.

तुझा,
अवी