शेवटून पहिली

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

शनिवारी फोन उचलला नाही म्हणून रागावला असाल. झोपले नव्हते. धावायला गेले होते. हे व्हिडिओ कॉलवर सांगितलं असतं तर आईनं आधी माझे ओले केस पाहिले असते आणि बोलणं टॉवेलच्या पुढे गेलंच नसतं. बाबांनी 'बरं, बरं' म्हणून फोन तिच्याकडे दिला असता. म्हणून लिहिते आहे. (आई, डोकं पुसलं. सुंठ घातलेला चहाही प्याले.)

इथे एडिंबरात क्रॅमंडला समुद्राच्या कडेनं दर शनिवारी पाच किलोमीटरची पार्करन असते. साडेनऊला सुरू. पैसे नाहीत, मेडल नाही; एकदा नाव नोंदवून आपला बारकोड घेऊन जायचं, बस. ही शर्यत नाही, नुसतं धावणं आहे, असं ते सांगतात. सुरुवातीच्या रेषेवर पहिल्या ओळीतल्या पोरांची तोंडं पाहिली की त्यावर विश्वास बसत नाही.

इथला नोव्हेंबरातला पाऊस तुम्हाला कसा सांगू? आपला साताऱ्याचा पाऊस धो धो कोसळतो आणि मोकळा होतो. इथला आडवा येतो, पिठाच्या चाळणीतून गाळल्यासारखा बारीक, आणि छत्रीच्या आत शिरून भिजवतो. अशा हवेला इथली माणसं 'ड्रीख' म्हणतात. म्हणतानाच घसा खवखवतो. सहा अंश तापमान होतं. मी शहाणपणा करून सुती टीशर्ट घातला होता. पहिल्या दहा मिनिटांत तो ओल्या पोतेऱ्यासारखा अंगाला चिकटला. शेजारच्या बाईंनी कचऱ्याच्या काळ्या पिशवीला डोक्यापुरतं भोक पाडून ती अंगात घातली होती. तेव्हा मी मनात हसले होते.

रस्ता सपाट आहे, यवतेश्वरच्या घाटाच्या मानानं काहीच नाही. आधी पूर्वेकडे जायचं, वळायचं, परत यायचं. जाताना वारा पाठीशी होता, आणि मला वाटलं की मीच झकास धावते आहे. वळसा घेतला आणि तोच वारा पाऊस घेऊन सरळ तोंडावर. बोटं इतकी बधिरली की नाक पुसायला खिशातला रुमाल काढता येईना. डावीकडच्या बरगडीखाली कळ आली. मी थांबले, मग चालायला लागले. माझ्यापुढे कोणी नाही, मागेही कोणी नाही. उजव्या हाताला खाडी, समोर लांबवर क्रॅमंडच्या बेटाकडे जाणारे काँक्रीटचे खांब, दुसऱ्या महायुद्धातले, पावसात दातांसारखे दिसत होते. भरती आली की बेटाची वाट बुडते. माझीही वाट बुडालीच होती.

तेवढ्यात मागून आवाज आला, "घाई नाही, हेन." हेन म्हणजे खरं तर कोंबडी, पण इथे बायकांना मायेनं तसं म्हणतात, आपल्या 'बयो'सारखं. वळून पाहिलं तर भडक रंगाचं जाकीट घातलेल्या एक आजी, सत्तरीच्या तरी असतील. त्या धावायला आल्याच नव्हत्या. सगळ्यांच्या मागून चालत येणं हेच त्यांचं काम. म्हणजे शेवटचा नंबर कायम त्यांचाच, धावायला आलेल्या कोणाचाच नाही. मी म्हटलं, तुम्ही पुढे जा, मी येते. त्या म्हणाल्या, "मी पुढे गेले तर माझं काम कोण करणार?"

पुढचा दीड किलोमीटर आम्ही गप्पा मारत चाललो. त्यांचा गुडघा बदललेला. धावणं सुटलं तेव्हा दोन वर्षं त्या शनिवारी घराबाहेरच पडल्या नाहीत. मग कोणीतरी हातात हे जाकीट दिलं. त्यांनीच सांगितलं की या प्रकाराची सुरुवातच न धावू शकणाऱ्या माणसानं केली. पॉल सिंटन-ह्यूइट नावाच्या गृहस्थांना दुखापत झाली होती. मित्रांची संगत सुटू नये म्हणून २ ऑक्टोबर २००४ ला लंडनच्या बुशी पार्कमध्ये त्यांनी १३ जणांना धावायला लावलं आणि स्वतः घड्याळ घेऊन उभे राहिले.

शेवटचे शंभर मीटर आजींनी मला धावायला लावलं. एक्कावन्न मिनिटं. मला नंबराचं टोकन देणाऱ्या मुलाचे ओठ निळे पडले होते. तो तासभर तिथेच उभा होता. आपण निदान हलत तरी होतो, तो नुसता भिजत होता. घरी येऊन बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, बाबा, तुम्ही शाळेच्या बुटांत कोंबायचात तसे.

आता खरं लिहायचं ते. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला दरवर्षी तुम्ही पहाटे मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडींचा डबा घेऊन समर्थ मंदिरापाशी उभे राहायचात. मी गोधडीत असायचे. अनोळखी माणसांसाठी कशाला भिजायचं, असं एकदा म्हणालेही होते. तुम्ही काही बोलला नाहीत, छत्री झटकलीत आणि आंघोळीला गेलात. शनिवारी त्या निळ्या ओठांच्या पोराला मी थँक्यू म्हटलं आणि मला एकदम तो डबा आठवला, पितळेचा, झाकण घट्ट बसणारा.

यंदा तुम्ही गेला नाहीत, हे आईनं फोनवर आवाज बारीक करून सांगितलं. गुडघ्यानं अर्धा तास उभं राहवत नाही, हे मला कळतं. पण बसून फोडी देता येतात की नाही? घडीची निळी खुर्ची माळ्यावर ट्रंकेच्या मागे आहे. एक पट्टी तुटली आहे, ती कोपऱ्यावरच्या चांभाराकडून शिवून घ्या. पुढच्या वर्षी मी त्या आठवड्यात रजा टाकते. धावणार नाही, घाबरू नका. संत्री सोलायला येते.

आईला सांगा, सुती टीशर्टचं तिचं बरोबर होतं.

तुमची,
मनी