घर पाडायच्या आधी एक रविवार

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले की बिल्डरचा माणूस परत येऊन गेला, दिवाळीनंतर आपल्या घराचं ॲग्रीमेंट करून टाकू, आणि मी नुसतं हो हो म्हणून फोन ठेवला. तेव्हा काय बोलावं ते सुचलंच नाही. पण गेल्या चार दिवसांत इथे इतकं काय काय बघितलं की आता सुचतंय, म्हणून लिहायला बसलेय. व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्यांत सांगण्यासारखं नाहीये हे, त्यामुळे बाबा चष्मा लावा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा.

इथे दरवर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला आर्किटेक्चरचा फेस्टिव्हल असतो, डेन आर्किटेक्टुरी म्हणतात, चेक आणि स्लोव्हाक दोन्हीकडच्या गावांत. एरवी कुलूप असलेल्या कितीतरी इमारती उघडतात, कोणीतरी माहितगार माणूस पन्नासेक लोकांना घेऊन पायी फिरवतो, बहुतेक ठिकाणी तिकीटसुद्धा नसतं. मला वाटलं होतं आर्किटेक्ट मंडळीच येत असतील, पण तसं अजिबात नाही, बाबागाडीत पोरं घेऊन लोक येतात, काठी टेकत आजोबा येतात. मी इथे चेकमधल्या ब्रनो शहरात चार वर्षं राहून पहिल्यांदाच गेले याचं वाईट वाटलं.

गुरुवारी ऑफिसमधून लवकर निघून तुगेनधात व्हिला बघितला. त्याचं तिकीट महिनोन् महिने आधी काढावं लागतं, मी जूनमध्येच काढून ठेवलं होतं. आई, तुला आवडेल अशी गोष्ट म्हणजे ही जमीन ग्रेटा नावाच्या मुलीला तिच्या वडिलांनी लग्नात दिली, खाली त्यांचं स्वतःचं घर आणि वर टेकडीच्या उतारावर लेकीचं. तिने आणि नवऱ्याने मीस व्हान डेर रोहे या जर्मन आर्किटेक्टला बोलावलं आणि 1930 साली घर बांधून झालं. रस्त्यावरून बघितलं तर एक मजली बैठं घर वाटतं, आत शिरून जिना उतरलो की एकदम अख्खी बाग समोर, मध्ये भिंतच नाही, नुसती काच. बाबा, सगळा भार बारीक स्टीलच्या कॉलमवर आहे, फुलीच्या आकाराचे, वरून क्रोमचं चकचकीत कव्हर, म्हणून भिंतींना उचलायला काही उरलेलंच नाही. तुम्ही लहानपणी मला साइटवर घेऊन जायचात आणि विचारायचात ना, सांग बघू यातली कुठली भिंत पाडली तर घर पडणार नाही? इथे उत्तर, कुठलीही. मला तिथे उभं राहून तुमचाच आवाज ऐकू येत होता.

मधोमध ऑनिक्स दगडाची भिंत आहे, मोरोक्कोहून आणलेली, मधाच्या रंगाची. थंडीत सूर्य खाली आला की ऊन आरपार जाऊन ती आतून लाल दिसते. आणि त्या भल्यामोठ्या काचांपैकी दोन तर मोटरवर जमिनीत खाली जातात, गाडीची काच जाते तशा. तळघरात हवेचं मशीन आहे, बाहेरची हवा आत ओढून गाळायची, ओलावा द्यायचा आणि मग वर सोडायची, मला आपल्या वाळ्याच्या ताट्याच आठवल्या, उन्हाळ्यात आजी त्यावर पाणी मारायची. आणि आई, फरचे कोट कसर लागू नये म्हणून ठेवायला एक वेगळी खोली आहे! तू पैठणीला डांबरगोळ्या नको, लवंगा ठेव म्हणतेस ते मी शेजारच्या बाईला सांगितलं, ती हसून म्हणाली आमच्याकडे लव्हेंडर.

पण मी या सगळ्यापेक्षा जास्त वेळ विचार करतेय तो पुढच्या गोष्टीचा. ती माणसं ज्यू होती. आठच वर्षं राहिली त्या घरात आणि 1938 ला देश सोडून गेली, 1939 मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, घर जप्त केलं. जेवणाच्या टेबलामागे काळ्याभोर मकासर लाकडाची अर्धगोल भिंत होती ती कोणीतरी उचकटून नेली. युद्धानंतर तिथे डान्सची शाळा होती, मग पाठीच्या कण्याचा त्रास असणाऱ्या मुलांचं व्यायाम केंद्र, त्या ऑनिक्सच्या भिंतीपुढे पोरं व्यायाम करायची. त्याचे फोटो आहेत आणि ते लपवलेले नाहीत, उलट गाइड ते तितक्याच प्रेमाने दाखवते. ऑगस्ट 1992 मध्ये चेक पंतप्रधान क्लाउस आणि स्लोव्हाक पंतप्रधान मेचियार याच घरात बसून चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश करायचं बोलले, पुढच्या 1 जानेवारीला झालेसुद्धा दोन. आणि 2010 ते 2012 मध्ये घर नीट दुरुस्त करायला घेतलं तेव्हा ती हरवलेली लाकडी भिंत सापडली, कुठे तर लॉ फॅकल्टीच्या कॅन्टीनमध्ये, भिंतीला पॅनेलिंग म्हणून लावलेली. तिथे पूर्वी गेस्टापोचं ऑफिस होतं. इतकी वर्षं लोक तिच्याशेजारी बसून जेवत होते. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. जुन्या घरातली वस्तू कुठे जाते कोण सांगणार, पण कोणाकडे तरी जुने फोटो होते, कोणीतरी विसरलं नव्हतं, म्हणून ती ओळखू आली.

शनिवारी झ्लीनला गेले. बाबा, हे गाव तुमच्यासाठी आहे. बाटा! आपण बाटा म्हणजे आपलीच कंपनी समजायचो ना, जूनमध्ये शाळेचे काळे बूट, आई बोट घालून बघायची मागे जागा आहे का. तो बाटा इथला. तोमाश बात्या नावाच्या माणसाने या छोट्या गावात बूट बनवायला सुरुवात केली आणि मग गावच बांधलं, फॅक्टरी, शाळा, दवाखाना, कामगारांची घरं, कोलकात्याजवळचं बाटानगर त्याच पद्धतीने वसवलेलं. सगळं एकाच मापावर, 6.15 मीटर बाय 6.15 मीटरचा एक चौकोन, गोल आरसीसी कॉलम, मध्ये लाल विटा आणि काच, प्लास्टर नाहीच. माप एकच असल्यामुळे तेच शटरिंग काढायचं आणि पुढच्या बिल्डिंगला लावायचं, म्हणून इमारती धडाधड उभ्या राहिल्या. तुम्ही सेंट्रिंगवाल्यांशी फळ्यांवरून किती वाद घालायचात ते आठवलं, तुम्ही तिथे असतात तर गाइडला सोडलंच नसतंत.

तिथली 21 नंबरची बिल्डिंग म्हणजे कंपनीचं हेडऑफिस, व्लादिमीर कारफीक या आर्किटेक्टने केलेली, 77.5 मीटर उंच. त्यात लिफ्टमध्येच साहेबाचं ऑफिस आहे, सहा बाय सहा मीटरची खोली, टेबल, फोन, नळाला पाणी येणारं वॉशबेसिन, आणि ती खोली मजल्या-मजल्यावर जाते. तोमाश 1932 ला विमान अपघातात गेला, ही लिफ्ट त्याच्या सावत्र भावाने, यान आन्तोनीनने बनवून घेतली, पण त्यालाही 1939 ला देश सोडावा लागला. आणि वर टेकडीवर तोमाशचं स्मारक आहे, गाहुरा नावाच्या आर्किटेक्टने 1933 ला केलेलं, नुसती काच आणि काँक्रीट, आत एक विमान टांगलेलं, तो ज्यात गेला तसलंच. बाकी काही नाही. मी तिथे बराच वेळ बसले.

कामगारांच्या घरांमधूनही फिरलो, छोटी चौकोनी लाल विटांची घरं, सपाट छत, काही एकाची, काही दोन कुटुंबांची. आमच्या ग्रुपमध्ये एक ऐंशीच्या पुढची आजी होती, ती मध्येच थांबली आणि एका घराकडे बोट दाखवून म्हणाली मी इथे जन्मले, या खिडकीत माझी आई पीठ मळायची. आणि गाइड, जो इतका वेळ बोलत होता, तो गप्प झाला आणि तिला बोलू दिलं. पंधरा मिनिटं ती बोलत होती, कोळसा कुठे ठेवायचे, किती जण कुठे झोपायचे, आणि सगळे ऐकत होते, एका मुलीने तर वहीत लिहून घेतलं. आई, मला तिथे तू दिसलीस. आपल्या माजघरात कुठे काय होतं हे तू असंच सांगतेस आणि आम्ही अर्धवट ऐकून उठून जातो.

रविवारी ट्रेनने ब्रातिस्लावा, स्लोव्हाकियाची राजधानी, दीड तासच लागतो. तिथे रेडिओची इमारत उलट्या पिरॅमिडसारखी आहे, खाली निमुळती आणि वर रुंद, 80 मीटर उंच, 1967 ला काम सुरू होऊन 1983 ला संपलं. लोक तिला कुरूप म्हणतात, मला अजिबात वाटली नाही, आत कॉन्सर्ट हॉल आहे, मोठा ऑर्गन आहे, आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये याचा विचार करून सगळं रचलंय. असो, तिच्याबद्दल फोनवर सांगेन. मला पुलाबद्दल लिहायचंय. डॅन्यूबवर एक पूल आहे, 1972 ला झालेला, एकाच बाजूला तिरका खांब, त्याच्या डोक्यावर थाळीसारखं रेस्टॉरंट, म्हणून सगळे त्याला युएफओ म्हणतात. इंजिनिअरिंग म्हणून खरंच सुंदर आहे, केबलवर तोललेला, पाण्यात एकही खांब नाही. पण त्याचा रस्ता काढायला किल्ल्याखालची जुनी ज्यू वस्ती जवळजवळ सगळी पाडली, 1969 मध्ये तिथलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळसुद्धा. आता त्या जागी काळ्या भिंतीवर त्या सिनेगॉगचं चित्र कोरलंय. बाजूने गाड्या सतत जातात. एक माणूस आपल्या नातवाला जुना फोटो दाखवून समजावत होता की हा घुमट बघ, आता आपण उभे आहोत ना, साधारण इथेच.

आणि तेव्हा मला आपलं घर आठवलं.

बाबा, मी पाडू नका म्हणत नाहीये. मला माहितीये कौलं दरवर्षी गळतात, आईला तो उंच उंबरा आणि जिना आता झेपत नाही, 2019 च्या पुरात माजघरात पाणी आलं तेव्हा तुम्ही दोघांनी माळ्यावर रात्र कशी काढली ते मी इथे लांब बसून विसरलेली नाही. लिफ्ट असलेल्या, वरच्या मजल्यावरच्या कोरड्या फ्लॅटमध्ये तुम्ही असावं हे मलाही हवंय. मी स्वतः इथे पॅनेलाकमध्ये राहते, फॅक्टरीत ओतलेले काँक्रीटचे स्लॅब आणून जोडलेली बिल्डिंग, सातवा मजला, आणि ते घर मला मनापासून आवडतं. तेव्हा जुनं म्हणून सगळं ठेवायचं असं माझं म्हणणं नाही.

पण बाबा, तुम्ही आयुष्यभर पीडब्ल्यूडीत दुसऱ्यांच्या इमारतींची ड्रॉइंग्ज जपलीत आणि आजोबांनी बांधलेल्या आपल्या घराचा एकही प्लॅन कागदावर नाही. तेवढं कराल का? टेप घ्या, शेजारच्या पोराला दुसरं टोक धरायला सांगा, आणि खोली-खोलीची मापं घ्या, भिंतीची जाडी, तुळयांचा अंतराअंतराचा हिशोब, दाराच्या चौकटी, चुलीवरचा धुराडा, सगळं. तुमच्या त्या तिरप्या अक्षरात. स्केल कुठली घ्यायची ते मी तुम्हाला सांगणार नाही. आणि भिंतीवर पुराच्या पाण्याची जी रेघ आहे ती कुठल्या उंचीवर आहे तेही लिहा, 2005 ची खालची आणि 2019 ची वरची.

आई, तू एवढंच कर की बाबा मापं घेत असताना त्यांच्याबरोबर फिर आणि बोल, आणि फोन रेकॉर्डिंगला लावून ठेव. दळण कुठे व्हायचं, आत्याचा जन्म कुठल्या खोलीत झाला, आजी शेवटच्या दिवसांत कुठे पडून असायची. चुकलं तर चुकू दे, बाबा मध्ये टोकतील, तेही रेकॉर्ड होऊ दे.

आणि ॲग्रीमेंटवर सही झाली तरी चावी द्यायच्या आधी एक रविवार घर उघडं ठेवू. मी जानेवारीत येतेय, तिकीट काढलंय, 9 तारखेला पहाटे मुंबईला उतरते आणि दुपारपर्यंत सांगलीत. गल्लीतल्या सगळ्यांना बोलवू, दादाच्या पोरांना, तुमच्या ऑफिसच्या मित्रांना, चहा आणि पोहे मी करेन. तुम्ही दारात उभे राहून सांगायचं, वीस-वीस जणांना आत घेऊन. माझं बोलून झालं की मी गप्प बसेन आणि आजूबाजूच्या म्हाताऱ्या माणसांना बोलू देईन, त्या झ्लीनच्या गाइडसारखं.

गुडघ्याला तेल लावतेस ना आई? बाबा, बीपीची गोळी सकाळचीच घ्या, आठवण झाल्यावर दुपारी नको.

बिल्डरच्या माणसाला सांगा जानेवारीनंतर ये.

तुमची,
छकुली