चि. ओमीस, कॉलेज सुरू होण्याआधी

चि. ओमी,

अनेक आशीर्वाद.

गुरुवारी तू डबा न घेता शिफ्टला गेलास, तेव्हापासून एका घरात राहून आपली गाठ नाही. मी सकाळी साडेसहाला शाळेत जायला निघते तेव्हा तू झोपलेला. तू दुकान बंद करून येतोस तेव्हा मी झोपलेली. व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी लिहिल्या की तू एक अंगठा पाठवतोस. म्हणून कागदावर लिहितेय, आणि मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत वाद घालायला लागले की मी हरते. एखादा शब्द अडला तर बाबाला विचार. दुसरं पान मात्र त्याला दाखवू नकोस.

तुझ्या त्या बोबाच्या (बबल टीच्या) दुकानाबद्दल अक्षरही लिहायचं नाही, असं ठरवून बसलेय. सोमवारी तुझं कॉलेज सुरू होतंय, त्याबद्दलच लिहायचंय.

आधी आजीचा निरोप. काल सांगलीला फोन केला होता. "ओमीला कुठं मिळालं मग?" म्हटलं, डी अँझा कम्युनिटी कॉलेज, घराजवळच आहे. "किती टक्क्याला क्लोज झालं?" म्हटलं, आई, तिथं टक्के लागत नाहीत, हायस्कूल झालेल्या कुणालाही घेतात. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाली, "असू दे, घरचं जेवण तरी मिळंल पोराला." तुला दही-साखर द्यायला सांगितलंय तिने. देईन, पण तू त्या वेळी जागा हवास.

मंडळाच्या गणपतीतही तेच झालं, तू होतासच. "डी अँझा" म्हटल्याबरोबर लोक आपल्या आधीच घाईघाईने "हो हो, मोठ्या युनिव्हर्सिटीत ट्रान्स्फर करेल ना मग" म्हणतात, आपलं काही सांडलं होतं आणि त्यांनी पटकन पुसलं, अशा थाटात. मग बाबा सुरू होतो: अ‍ॅपलवाला वोझ्नियाक इथेच शिकला, फ्लिंट सेंटरच्या स्टेजवर १९८४ साली पहिला मॅकिंटॉश दाखवला, टॉम हँक्ससुद्धा हेवर्डच्या शॅबो कॉलेजात होता. त्याचं प्रेम आहे ते. तुला लाज वाटू नये म्हणून तो मोठी माणसं गोळा करत बसतो. मला त्यांची गरज वाटत नाही. मी त्या कॉलेजात स्वतः बसलेय.

हे तुला माहीत आहे, पण किती माहीत आहे कोण जाणे. तू चार वर्षांचा होतास. एच-४ वर, म्हणजे बाबाच्या व्हिसावर आलेल्या बायकोच्या व्हिसावर होते मी, काम करायची परवानगी नव्हती, शिकायची होती. (कामाची २०१५ साली मिळाली, तीही बाबाच्या ग्रीन कार्डाचे कागद पुढे सरकले होते म्हणून.) चाइल्ड डेव्हलपमेंटचा संध्याकाळचा कोर्स घेतला आणि पंचावन्न नंबरच्या बसने गेले, कारण तेव्हा गाडी चालवायची भीती वाटायची. वर्गात शिरले आणि वाटलं, चुकून मुलांच्या स्नेहसंमेलनात आलो. मग बघितलं तर माझ्या डावीकडे साठीच्या एक व्हिएतनामी बाई, त्यांना नातवंडांसाठी शिकायचं होतं. मागे सैन्यातून परत आलेला एक मुलगा. आणि उजवीकडे ग्रोसरी दुकानाच्या एप्रनमध्येच आलेला एक पोरगा, तुझ्याएवढा, छातीवर नावाची पट्टी तशीच.

पहिल्या तासाला मॅडमनी ग्रीनशीट वाटली. आमच्या वेळी सिलॅबसला ग्रीनशीट म्हणायचे. मग त्यांनी सांगितलं, १९६० साली कॅलिफोर्नियाने एक मास्टर प्लॅन केला: हायस्कूलच्या वरच्या साडेबारा टक्के मुलांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी, वरच्या एक तृतीयांशासाठी कॅल स्टेट युनिव्हर्सिटी, आणि बाकी ज्याला ज्याला शिकायचंय त्या प्रत्येकासाठी कम्युनिटी कॉलेज, आणि तिथून पुन्हा यूसीत शिरायला दार. आज अशी ११६ कॉलेजं आहेत. "तुम्हाला इथे कुणी निवडलेलं नाही, तुम्ही आलात," असं म्हणाल्या त्या. मी आयुष्यभर मेरिट लिस्ट बघत आलेली बाई. बारावीला मेडिकल दोन मार्कांनी गेलं तर घरात सुतक पाळल्यासारखे दिवस गेले होते. मला ते वाक्य ऐकून नक्की काय वाटलं ते अजूनही सांगता येत नाही, पण घरी येऊन बाबाला तीनदा सांगितलं.

तो एप्रनवाला पोरगा हुशार होता. बोलायला लागला की मॅडम खडू खाली ठेवून ऐकायच्या. मिडटर्मनंतर तो यायचा बंद झाला. कुणी म्हणालं, त्याला असिस्टंट मॅनेजर केलं.

बघ, आलेच मी दुकानावर.

बरं, आलेच आहे तर बोलून टाकते. तुला ते लोक शिफ्ट लीड करतायत, तासाला दोन डॉलर वाढवतायत, आठवड्याला तीस तास म्हणतायत. आणि त्यासाठी सकाळचं मॅथ १ए, कॅल्क्युलसचा पहिला कोर्स, सोडायचं तुझ्या मनात आहे, "विंटरमध्ये घेईन ना, आई." गुरुवारी मी ओरडले, म्हणून हिशेब राहून गेला. तो आता मांडते. एका युनिटला आठवड्याचे तीन तास धरायचे, वर्गातले आणि घरातले मिळून. हे माझं नाही, कॉलेजचंच गणित आहे. तुझी १४ युनिटं आहेत: मॅथ पाच, इंग्लिश रायटिंग पाच, इकॉनॉमिक्स चार. झाले ४२ तास. त्यात दुकानाचे तीस. तू म्हणशील म्हणूनच तर मॅथ सोडतोय. पण मॅथ गेलं की उरली नऊ. बाराच्या खाली गेलास की पूर्णवेळ नाहीस, आणि पूर्णवेळ नसलास की पहिल्या दोन वर्षांची फी माफी नाही.

पैशाचं मी बोलत नाहीये. युनिटला ३१ डॉलर, ९ गुणिले ३१, २७९ डॉलर. भरता येतील. मी रांगेबद्दल बोलतेय. १ए नंतर १बी, मग १सी, मग १डी, एकाच्या पाठीला दुसरं बांधलेलं, आणि फिजिक्सची लाइनही १एशिवाय उघडत नाही. यूसी डेव्हिसला टॅग, म्हणजे प्रवेशाच्या हमीचा अर्ज, करायचं म्हणतोस, तो अर्ज पुढच्या सप्टेंबरात. तेव्हा तुझ्या हातात काय असेल? इथे क्वार्टर बारा आठवड्यांचं असतं, ओमी. सेमिस्टरवाली मुलं वह्यांना कव्हर घालत असतात तेव्हा आपली मिडटर्म येते. एक क्वार्टर मागे टाकलं की ते परत मिळत नाही, पगार मात्र दर दोन आठवड्यांनी मिळतो, आणि पगाराची सवय फार गोड असते. मामाला विचार. विलिंग्डनच्या मागच्या गल्लीत मित्राच्या गॅरेजवर तो "फक्त सुट्टीपुरता" बसला होता. डिप्लोमाचं शेवटचं वर्ष होतं. आता त्याचं काही वाईट चाललेलं नाही, दोन ट्रक आहेत, मला दिवाळीला साडी पाठवतो. पण आपल्या मुलीच्या कॉलेजचा फॉर्म भरताना 'वडिलांचे शिक्षण' या रकान्यापाशी तो कसा थांबला होता ते मी पाहिलंय. तू तेव्हा अंगणात कुत्र्याशी खेळत होतास.

झालं माझं लेक्चर. सॉरी. तू चौथ्या ओळीतच हेडफोन घातला असशील.

(इथून दुसरं पान.)

तू पैसे का कमवायला बघतोयस ते मला कळत नाही असं समजू नकोस. मार्चपासून तू एकदाही गाडीच्या गॅसला पैसे मागितलेले नाहीस. ताईच्या सॅन डिएगोच्या भाड्याचं बोलणं निघालं की तू उठून भांडी घासायला लागतोस, जो मुलगा कधी स्वतःचा पेला उचलत नव्हता. आणि देवघराच्या ड्रॉवरमधलं पाकीट मी बघितलं. आत तीनशे डॉलर, सगळ्या वीसच्या नोटा. नऊ युनिटच्या फीसाठीच ठेवलेत ना? मला हिशेब येतो रे. मी ते पाकीट हातात धरून किती वेळ उभी होते, ते बाबाला माहीत नाही. बाबा ठीक आहे. त्याचे इंटरव्ह्यू चालू आहेत, माझा पगार आहे, घर चालतंय. तुला वाटतं तेवढं आपण अडचणीत नाही, आणि मी दाखवते तेवढं निवांतही नाही. पण ते आमचं ओझं आहे, आम्ही उचललेलं. तुझा हात लागला तर बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. फक्त हात लाव, खांदा देऊ नकोस.

त्या कोर्समध्ये आम्हाला ऑब्झर्व्हेशन लिहायला द्यायचे. एका मुलाकडे वीस मिनिटं बघायचं आणि जे दिसेल तेवढंच लिहायचं, आपलं मत घालायचं नाही. मी तुलाच घेतलं, दुसरं मूल कुठून आणणार? तू स्वयंपाकघराच्या दारापासून सोफ्यापर्यंत वाट्या मांडत होतास, मोठीपासून लहानीपर्यंत. मध्येच एक मधल्या मापाची वाटी हाताला लागली. तू सगळी रांग मोडलीस आणि पहिल्यापासून मांडलीस. ताई मदतीला आली तर तिचा हात बाजूला केलास. मी लिहिलं, "मुलगा हट्टी आहे." मॅडमनी त्या शब्दाखाली रेघ ओढली आणि समासात लिहिलं, त्याने काय केलं ते सांगा. मग मी पुन्हा लिहिलं: त्याने वाटी हातात धरून रांगेकडे पाहिलं. खाली बसला. पहिली वाटी उचलली. तो पेपर अजून आहे माझ्याकडे, कर भरायच्या कागदांच्या फाइलमध्ये. आज सोळा पोरांच्या वर्गात मी जे करते ते त्या एका रेघेवर चालतं. म्हणून कुणी तुझ्या कॉलेजला "फक्त" लावलं की माझं डोकं फिरतं.

आता कामाचं सांगते. सोमवारी पहिल्या तासाला हजर हवास, प्रत्येक विषयाच्या पहिल्या तासाला. गेला नाहीस तर प्रोफेसर नाव काढून टाकू शकतात, बाहेर वेटलिस्टवरची मुलं अ‍ॅड कोडसाठी, वर्गात नाव घालायच्या परवानगीसाठी, ताटकळत असतात. गाडी लवकर काढ, पहिल्या आठवड्यात पार्किंगला जागा मिळत नाही. त्यापेक्षा बसने जा, थेट कॉलेजच्या दारात सोडते. कौन्सेलरची अपॉइंटमेंट आत्ताच घे, नोव्हेंबरात मिळत नाही. असिस्टच्या साइटवर डेव्हिसला कुठला कोर्स चालतो ते स्वतः बघ, मित्राचं ऐकून घेऊ नकोस. प्रोफेसरच्या ऑफिस अवरला जा, प्रश्न नसला तरी जा, मी जायचे. माझं इंग्रजी तुझ्यापेक्षा वाईट होतं तरी जायचे. आणि एखादा विषय नाहीच झेपला तर दुसऱ्या आठवड्याच्या आत सोड, नंतर ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू, म्हणजे विषय सोडल्याचा शेरा, लागतो. मॅथ सोडून कुठलाही. म्हणजे मॅथसुद्धा, खरंच झेपलं नाही तर. दुकानासाठी नको. एवढंच.

तुझ्या मॅनेजरशी बोल. शनिवार-रविवार आणि एक संध्याकाळ, पंधरा तास, त्याहून जास्त नाही. चांगली मुलगी आहे ती, मी एकदा आले होते तेव्हा माझ्या चहात साखर कमी घालून दिली होती. ऐकेल. तुला जड जात असेल तर मी येऊन सांगते. नाही येणार, घाबरू नकोस.

तू डी अँझाला जातोयस याचा मला आनंद आहे, आणि भीती कशाची आहे ते वर तीन वेळा लिहून झालंय. चौथ्यांदा लिहीत नाही. बुधवारी मला लवकर सुट्टी आहे, थालीपीठ करते, जेवायला घरी ये.

तुझी,
आई

ता. क. पाकीट ड्रॉवरमधून काढून तुझ्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ठेवलंय. त्यातून कॅल्क्युलेटर घे, ताईचा ती परत देत नाही. उरतील ते तुझ्याजवळ ठेव.