अँब्रिजची वाटणी

वुस्टर, इंग्लंड
रविवार, 12 ऑक्टोबर 2025

प्रिय आत्ती,

साष्टांग नमस्कार. मामांना पण सांग.

फोनवर मनातलं बोलता येत नाही. तुझ्या बाजूला कायम कोणतरी बसलेलं असतं आणि सगळ्यांना स्पीकर हवा असतो. म्हणून पत्र लिहायला बसले. धाकट्या वैनीकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव, दार पुढं कर आणि तूच वाच. चार दिवस लागले तर लागू देत.

मी ज्या वृद्धांच्या घरात नर्स म्हणून काम करते, तिथं एक अठ्ठ्याऐंशी वर्षांची म्हातारी आहे. शेतकऱ्याची लेक, शेतकऱ्याची बायको. हात बघितलेस तर आपल्या आज्जीचेच वाटतील, बोटं तशीच पेरापेरात सुजलेली. गेल्या वर्षी मी तिच्या मजल्यावर नवीन होते. एका रात्री गोळ्या द्यायला गेले तर ही संतापलेली. "जॉर्जला आत टाकलं ते बरं झालं. दारू पिऊन बेशुद्ध पडलेल्या बाईला उचलून स्टिअरिंगमागं बसवतो म्हणजे काय! गाडी ह्यानं ठोकायची आणि नाव तिचं!" मी घाबरले. पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि नोंदवहीत लिहून ठेवलं : नातू तुरुंगात आहे, घरच्यांचा विषय जपून काढावा. सकाळच्या पाळीच्या बायका ती नोंद वाचून हसून हसून लोळायच्या बाकी होत्या.

जॉर्ज तिचा कोणी नव्हे. तो रेडिओतला.

'द आर्चर्स' नावाची बीबीसीची श्रुतिका आहे. 1950 साली आठवडाभर लावून बघितली आणि 1 जानेवारी 1951 पासून देशभर सुरू केली, ती अजून चाललीय. अँब्रिज हे खोटंच गाव, बोर्सेटशर हा खोटाच जिल्हा, पण शेण, चिखल, दुधाचा भाव सगळं खरं. रविवार ते शुक्रवार, संध्याकाळी सातच्या बातम्या सरल्या की तेरा-एक मिनिटं. तुमच्याकडं तेव्हा साडेअकरा वाजलेले असतात, नाहीतर तुला फोनवरच ऐकवली असती. तुला इंग्रजी कळलं नसतं, पण गाय हंबरलेली कळली असती. फाटक करकरतं ते खरं तर इस्त्रीचं टेबल असतं म्हणे, आणि मेंढी व्याली की जो ओला आवाज येतो तो दह्यात बरबटलेल्या टॉवेलचा.

युद्ध संपलं तरी तेव्हा इथं रेशन चालू होतं. पीक वाढवायला हवं होतं, आणि शेतकरी कुणाचं ऐकतो होय? मग गॉडफ्रे बेसली नावाच्या माणसानं सगळं शेतीज्ञान गोष्टीत घातलं. आपल्याकडं सांगली केंद्रावर संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी लागायचं, त्यात तज्ज्ञ यायचे आणि भातावरचा करपा कसा घालवायचा ते सांगून जायचे. आज्जा 'होय, होय' म्हणायचा आणि करायचा आपलंच. इथं तेच औषध गोष्टीतला शेतकरी फिल आर्चर मारायचा, चुकायचा, आणि बायकोची बोलणी खायचा. हे लोकांच्या ध्यानात राहिलं. आज्जाच्या ट्रान्झिस्टरचा काटा जरा हलला की सांगलीची मराठी जाऊन धारवाडचं कन्नड यायचं, आठवतंय? त्याला दोन्ही चालायचं. पावसाचा अंदाज कुठल्याही भाषेत चुकायचाच.

म्हातारीनं सुरुवातीपासून ऐकलंय. 22 सप्टेंबर 1955 ला फिलची नवी नवरी ग्रेस तबेल्याला लागलेल्या आगीत घोडा वाचवायला शिरली आणि गेली. म्हातारी तेव्हा अठरा वर्षांची. तिची आई दुसऱ्या दिवशी धार काढताना रडत होती म्हणे. त्याच रात्री इथं जाहिरातींचं पहिलं टीव्ही चॅनल सुरू झालं, लोक तिकडं वळू नयेत म्हणून पोरीला जाळली, असं म्हातारी सत्तर वर्षांनीही दातओठ खाऊन सांगते.

आता आमचं सगळं घरच त्यात बुडालंय. स्वयंपाकीण, केरळची नर्स, मी, आणि खुर्च्या ओढून बसलेल्या पाच-सहा म्हाताऱ्या. सात वाजून गेले की चर्चा. जॉर्जला गावानं माफ करावं की नाही यावर एक बाई दुसरीशी दोन दिवस बोलली नव्हती. केरळच्या नर्सला उषा गुप्ता आवडते. ती त्या गावातली वकीलीण, 1991 साली आली, आणि 2008 साली तिनं तिथल्या पाद्र्याशीच लग्न केलं. "बघ, आपली बाई तिथं टिकली," असं ती मला सांगते, जसं काय उषाचं घर आमच्या गल्लीत आहे. 2016 साली गोष्टीतल्या हेलननं नवऱ्याला सुरी मारली. रॉब त्याचं नाव. हातानं मारण्याच्या आधी त्यानं तिला बोलून बोलून घरात कोंडलं होतं, मैत्रिणी तोडल्या, गाडी चालवू दिली नाही. असं कोंडणं हा इथं आदल्याच डिसेंबरात गुन्हा ठरला होता. ऐकणाऱ्यांनी अशा बायकांच्या मदतीसाठी लाखाच्या वर पौंड गोळा केले. बाई खोटी, पैसे खरे.

तुला हसू येईल, पण आपल्या गावात काय वेगळं होतं? लक्ष्मीच्या यात्रेत नाटक झालं, त्यात खलनायक झालेल्या माणसाला बायका वर्षभर तोंड वाकडं करून बघायच्या. तो बिचारा घरी बायकोला घाबरायचा.

आता मुद्द्याचं.

ब्रुकफिल्ड म्हणजे आर्चरांचं वडिलोपार्जित शेत. फिल आणि त्याची दुसरी बायको जिल यांना चार पोरं : शुला, केंटन, डेव्हिड, एलिझाबेथ. 2001 च्या सुमाराला फिल थकला तेव्हा शेत डेव्हिड आणि त्याची बायको रूथ यांच्याकडं द्यायचं ठरलं, कारण कसत होते तेच. तुकडे केले तर कुणाचंच पोट भरणार नाही. एलिझाबेथ उसळली. मी पण त्याच घरची ना, म्हणाली.

हे सगळं होऊन चोवीस वर्षं झाली. फिल 2010 साली मेलासुद्धा. तरी आमच्यात त्यावरून दोन तट आहेत आणि रविवारी चहाला हमखास तोच विषय निघतो. स्वयंपाकीण डेव्हिडकडची. पहाटे उठून धारा कोण काढतं, बांध कोण बघतं? आणि एलिझाबेथला काय कमी, नवऱ्याचा एवढा मोठा वाडा आहे! त्यावर म्हातारी म्हणते, त्याच वाड्याच्या छपरावरून तिचा नवरा 2011 च्या 2 जानेवारीला पडून मेला, मग आता तुझा हिशेब कुठं गेला?

हे ऐकलं आणि माझ्या हातातला कप तसाच राहिला. "जावयाची कारखान्यात नोकरी आहे, तिला काय कमी" हे वाक्य मी आपल्या सोप्यात ऐकलंय. पुढं मामांचा पगार किती महिने अडकला, ते तू कधी गावाकडं बोलली नाहीस. मला आईकडून कळलं, तेही दहा वर्षांनी.

म्हातारीच्या बापाची शेती पण तिच्या भावाला गेली. तिला चिनी मातीचा चहाचा सेट मिळाला. तो तिच्या कपाटात आहे, कधी वापरत नाही, वापरूही देत नाही.

ग्रंडी म्हणून एक कुळाचं घर आहे त्या गोष्टीत. 2000 साली पैशापायी त्यांना ग्रेंज फार्म सोडावं लागलं, पिढ्यांची वहिवाट एका दिवसात संपली. मी म्हातारीला सांगितलं, आमच्याकडं असं होत नाही. कर्नाटकात 1974 साली जमिनीचा कायदा सुधारला, सात नंबरचा फॉर्म भरला आणि कसणाऱ्या कुळाच्या नावावर जमीन झाली. आमच्या आज्जाला चार एकर अशीच मिळाली. तिला खरं वाटेना. कोण कसत होतं, विचारलं. मी सांगायला लागले : आज्जा, आज्जी, आबा, काका, आणि आमची आत्ती. ती तेव्हा लग्नाची होती, चिखलात वाकून लावणी करायची, तिच्या हातची रोपं एका ओळीत यायची म्हणून शेजारची माणसं तिला बोलवायला यायची. म्हणजे जमीन आपली व्हायच्या आधीपासून तू तिच्यात राबलीस. हे मी बोलले तेव्हा माझं मलाच पहिल्यांदा ऐकू आलं.

मग तिला मी सहीचं सांगितलं. मी बारा वर्षांची होते. आज्जाचं बारावं झालेलं. उताऱ्यावर वारसा लावायचा होता. (तुमच्या गडहिंग्लजला सात-बारा, आमच्याकडं त्याला आरटीसी म्हणतात, पण घरात सगळे उताराच म्हणतात.) तू पायरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा निवडत होतीस. काका आले आणि म्हणाले, "अक्का, एक सही लागतीय, बाकी काय नाही." तू हात पदराला पुसलेस, शेंगांची माती होती, आणि सही केलीस. मोठं मोठं अक्षर, रेघ सोडून खाली गेलेलं. आबांनी इरकल लुगडं आणलं, आईनं ओटी भरली, आणि दुसऱ्या दिवशी तू गडहिंग्लजच्या एसटीत बसलीस. टपावर नव्या तांदळाचं पोतं. मी स्टँडवर आले होते. तू मला दोन रुपये दिलेस.

एवढी वर्षं मी समजत होते, तुझं तिथं काही नव्हतंच. लेक परक्या घरची, असं सगळे म्हणायचे, मी पण म्हणायचे. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिचं काही नव्हतंच, तर सही कशाला घेतली?"

मला उत्तर आलं नाही. रात्रपाळीत सगळे झोपल्यावर मोबाईलवर शोधत बसले. 1956 चा वारसा कायदा आहे. आज्जाच्या वाट्याचं जे होतं, त्यात तू आबा आणि काकांच्या बरोबरीची वारस होतीस. होतीस म्हणून कागद केला. नसतीस तर तुला कुणी शेंगांवरून उठवलंच नसतं.

हे मी भांडण लावायला लिहीत नाही, देवाशपथ. आबांना मी ओळखते. चार एकरांत दोन घरं, वर्षातून एकदा भात, माळाला रताळी, आणि बेळगावच्या मार्केटला रताळ्याला भाव मिळाला तर दिवाळी. तिसरा वाटा पडला असता तर दीड एकरसुद्धा एकाकडं राहिलं नसतं. पावसात बांध फुटला की कंबरभर पाण्यात उतरायला आबाच जायचे. डेव्हिडची बाजू मला कळते. आणि खरं सांगायचं तर माझ्या नर्सिंगची फी कशातून भरली? त्याच रताळ्यांतून. म्हणजे तुझ्या वाट्याचंही मी खाल्लं. इथं बसून तुझा हक्क शिकवायला मला तोंड कुठाय?

मला एवढंच विचारायचंय. त्या दिवशी तुला माहीत होतं काय, कशावर सही करतेयस ते? आणि माहीत असूनही केलीस, की भावांकडं येणं-जाणं राहावं म्हणून केलीस? मधली दोन वर्षं तू पंचमीला आली नव्हतीस, मामांच्या गुडघ्याचं निमित्त सांगायचीस. ते गुडघाच होतं काय?

सांगायचं नसेल तर नको सांगू. लिहायला जमत नसेल तर नातवाला मोबाईलवर रेकॉर्ड करायला लाव आणि त्याला बाहेर पाठव. आबांना मी अजून काही बोलले नाही. बोलायचं की नाही ते तूच ठरव.

बाकी ठीक. थंडी सुरू झालीय. गेल्या उन्हाळ्यात म्हातारीला चाकाच्या खुर्चीतून इंकबेरोला नेलं होतं, जवळच आहे. तिथल्या द ओल्ड बुल नावाच्या पबवरून अँब्रिजचा पब बेतला म्हणतात. तिनं अर्धा ग्लास सायडर घेतली आणि परत येताना गाणं म्हटलं. यंदा नवा तांदूळ निघाला की आबांना सांगून तुझं पोतं पाठवायला लावते, गेल्या वर्षी विसरले होते ना.

म्हातारी रोज विचारते, "आत्तीचं पुढं काय झालं?" मी सांगते, पुढचा भाग अजून आलेला नाही.

तुझी,
धाकटी