पाटीवर जुनं नावही हवं

महोदय,
फोर्टात मी टपाल वाटायचो तेव्हा म्हाताऱ्या मंडळींच्या पत्रांवर हमखास ‘मेडोज स्ट्रीट’ लिहिलेलं असे. ती पाकिटं नगीनदास मास्टर रोडवर टाकायची, हे आम्हा पोस्टमनना तोंडपाठ. मेडोज १७८८ ते १७९० मुंबईचा गव्हर्नर, मास्टर शहराचे महापौर. पलीकडची घोगा स्ट्रीट आता जन्मभूमी मार्ग, तिथल्या वर्तमानपत्रावरून. नावं बदलली याची तक्रार नाही. गोऱ्या गव्हर्नरापेक्षा आपला महापौर केव्हाही बरा! पण पाटी वाचून नव्या पोराला यातलं काय कळणार? महापालिकेने नव्या नावाखाली बारीक अक्षरांत जुनं नाव आणि बदलाचं साल रंगवावं. पाटीवर जागा भरपूर आहे.

— एक निवृत्त पोस्टमन, मुंबई