जीपची पाटी जीपवरच राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपुरात जुन्या जीप घेऊन त्या दुरुस्त करून पुन्हा चालत्या करण्याचा शौक वाढतो आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. भूशास्त्रज्ञ म्हणून माझी सारी नोकरी भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या रानात जीपमधून फिरण्यात गेली. निवृत्तीनंतर एका सरकारी खात्याच्या लिलावातली महिंद्राची हाय-बॉनेट (उंच बॉनेटची) सीजे-३बी जीप घेतली, ती आजही चालती आहे. पण या शौकातल्या एका गोष्टीबद्दल लिहायलाच हवं. गाड्यांवरच्या मूळ क्रमांकाच्या पाट्या, लॉगबुकं आणि मॅन्युअल गाडीपासून तोडून वेगळी विकली जात आहेत, आणि आपणच ती हौसेने विकत घेतो आहोत.

मागच्या उन्हाळ्यात कार्बोरेटरचा एक भाग शोधत वाडीकडच्या एका गॅरेजात गेलो होतो. मालकाने खणातून एक पाटी काढून पुढे केली. दुसऱ्या महायुद्धातल्या, विलीज या अमेरिकी कंपनीच्या जीपच्या डॅशबोर्डवरची ती पाटी होती. म्हणाला, "काकाजी, हे घेऊन जा. गाडी त कवाच कापली." मी घेतली नाही. त्या पाटीवर गाडीचा क्रमांक आणि ती लष्कराला दिल्याची तारीख कोरलेली असते. तोच क्रमांक पुढच्या बंपरमागे, चासीच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) डाव्या दांड्याला आतून लावलेल्या छोट्या पाटीवर असतो. दोन्ही जुळले, तर ती गाडी कोणती आणि कधीची हे सांगता येतं. एक पाटी कुणाच्या शोकेसमध्ये आणि चासी भंगारात गेली, की पुढे कुणालाच काही सांगता येणार नाही. त्याहून वाईट म्हणजे अशी सुटी पाटी दुसऱ्याच सांगाड्यावर रिव्हेट मारून बसवतात आणि पुष्कळ नंतरची महिंद्रा '१९४४ची विलीज' म्हणून खपवतात.

नव्या शौकिनांनी नुसत्या पाटीवर आणि बॉनेटवर रंगवलेल्या पांढऱ्या लष्करी चांदणीवर विसंबू नये. पत्र्याच्या ग्रिलला युद्धातल्या जीपमध्ये नऊ फटी असतात, नागरी जीपमध्ये सात. पण ग्रिलही बदलता येते. म्हणून गाडीखाली वाकून पाहा. चासीचा पुढचा आडवा दांडा विलीजमध्ये गोल पाइपचा असतो, युद्धकाळात फोर्डने बनवलेल्या जीपमध्ये उलट्या पन्हळीसारखा. फोर्डच्या कित्येक बोल्टवर 'एफ' अक्षर उमटवलेलं असतं. कितीही चकचकीत रंग मारला तरी या खुणा सहज लपत नाहीत.

कायद्यालाही मूळपणाच लागतो. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून नोंदता येतं. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे, आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. आता लष्कराच्या जोंगा या जीपसारख्या गाडीचं बघा. १९६९पासून ती जबलपूरच्या कारखान्यात बनली, म्हणजे सुरुवातीच्या जोंगा या नियमात बसण्याच्या वयाच्या झाल्या. पण सहा सिलिंडरचं मूळ इंजिन पेट्रोल फार पितं, म्हणून लिलावात घेणाऱ्या बऱ्याच जणांनी त्यात डिझेल इंजिन टाकलं. शेतीच्या कामाला गाडी लागणाऱ्याने ते केलं तर मी त्याला बोल लावणार नाही. मात्र आज केवळ हौसेसाठी जोंगा घेणाऱ्याने तिचं मूळ इंजिन भंगारात घालू नये.

सरकारी गाड्यांचा प्रश्न आणखी तातडीचा आहे. १ एप्रिल २०२३पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे वाढत नाही, त्या स्क्रॅप केंद्रात जातात. धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात, हे मलाही मान्य आहे. पण त्यांची लॉगबुकं तरी राखा. कोण साहेब, कुठून कुठे, किती किलोमीटर, गाडी कुठे बंद पडली, हे सारं ड्रायव्हरच्या हातचं त्यात लिहिलेलं असतं. पर्लकोटा नदीला पूर आला म्हणून भामरागडला गाडी अडकून पडल्याच्या नोंदी मी वाचल्या आहेत. तिथे काम कसं चालत होतं, हे अहवालांपेक्षा त्या चार ओळींतून जास्त कळतं. वनखातं, पाटबंधारे आणि सार्वजनिक बांधकाम खात्यांनी गाडी मोडीत काढताना लॉगबुक रद्दीत न देता अभिलेखागाराकडे पाठवावं.

नॅरोगेज रेल्वेसाठी मोतीबागेत संग्रहालय आहे. विदर्भाच्या रानवाटांवर चाललेल्या जीपलाही अशी जागा मिळावी. अजब बंगल्याने, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाने, एक जीप तिच्या सगळ्या कागदांसह ठेवायचं ठरवलं, तर माझी सीजे-३बी, तिचं लॉगबुक आणि लिलावाची पावती मी विनामूल्य देईन. अट एकच, गाडी आणि कागद वेगळे करायचे नाहीत.

आपला,
एक निवृत्त भूशास्त्रज्ञ
त्रिमूर्तीनगर, नागपूर